वाळवणाच्या कादंबऱ्या

"शेवटाला कुनी मरतंय का?"

कोणतीही कादंबरी दाखवली की नीलाक्कांचा पहिला प्रश्न हाच. लेखक कोण, बक्षीस मिळालंय का, असल्या चौकशा आमच्या वाचनालयात येणारे प्राध्यापक करायचे आणि पुस्तक न घेताच जायचे. नीलाक्कांना एवढंच कळलं की पुरे असायचं. मी म्हणायची, "अक्का, एक म्हातारा मरतो, पण मधेच." मग त्या थोडा विचार करायच्या. "मधी मेला तर चालतंय. शेवटाला नगं. भर उनात रडलं की डोसकं उठतंय ओ."

उन्हाचा आणि कादंबरीचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं.

सत्तरनंतरची ती वर्षं. मी सोलापुरातल्या एका लहानशा वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसायची आणि नीलाक्कांच्या घरात खालच्या दोन खोल्यांमध्ये भाड्यानं राहायची. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, भुसार मालाचे व्यापारी. नीलाक्कांचं माहेर मंद्रूपच्या पलीकडचं. घरात कानडी, शाळा झाली तीही चौथीपर्यंत आणि कानडीतच. मराठी बोलणं त्या लग्नानंतर शिकल्या आणि वाचणं शिकल्या दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर. कागदावरची गोष्ट नेमकी जीव टांगणीला लागला की फाटलेली असायची. त्या वैतागातून त्या अख्ख्या पुस्तकाकडे वळल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांची 'लायब्ररीबाई'.

पण सात माणसांचा राबता असलेल्या घरात बाईनं दिवसाढवळ्या पुस्तक घेऊन बसायचं कसं? बसली की कोणीतरी पाणी मागतं. कोणी मागितलं नाही तर तिलाच अपराध्यासारखं होतं. नीलाक्कांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे वाळवण. घराला माळवद होतं, म्हणजे आमच्याकडचं ते मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात तिथं कुरडया, सांडगे, भातवड्या वाळत पडायच्या आणि कावळे हाकलायला कोणीतरी बसावंच लागायचं. सोलापूरच्या वैशाखात दुपारी माळवदावर बसायची हौस कोणाला असणार? नीलाक्का म्हणाल्या, मी बसते. दोन बांबूंना जुनी विरलेली चादर बांधली, तिच्या सावलीत पोतं टाकलं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कादंबरी. घरात सगळ्यांना वाटायचं, बिचारी उन्हात तळतेय. पुढं पुढं तर गल्लीतल्या बायकाही आपापलं वाळवण त्यांच्याकडे पाठवायला लागल्या. नीलाक्का नाही म्हणायच्या नाहीत. जितकं वाळवण जास्त, तितकं वाचन जास्त, हा त्यांचा सरळ हिशेब.

पाडवा झाला की यादी ठरायची. संध्याकाळी अंगणात गहू निवडत त्या मला हाक मारायच्या. कागद-पेन्सिल काही नाही, सगळं तोंडी. उन्हाळ्यात घरात काय काय करायचंय ते आधी, मग त्याला कोणती कादंबरी लावायची ते.

"उडदाच्या पापडाला कादंबरी नगं. त्यो सावलीतबी वाळतोय. सांडग्याला एखादी बारीक द्या. कुरडईला मातुर दोन लागतील."

"दोन कशाला?"

"पैल्या दिशी कुरडई वली असती. कावळा लई येतोय. तवा जरा रटाळ पुस्तक असावं, म्हंजी मान वर हुती. चांगलं रंगलेलं दुसऱ्या दिशी."

वाचनालयाच्या कुठल्याही सभेत पुस्तकांचं इतकं शास्त्रशुद्ध वर्गीकरण मी ऐकलेलं नाही. एका वर्षी माझ्याकडून चुकून रंगलेली कादंबरी ओल्या कुरडईला गेली. नायिका घर सोडून निघाली होती आणि इकडे कावळ्यांनी शेजारच्या पद्माचं अर्धं वाळवण उचललं. नीलाक्कांनी आपल्या डब्यातल्या कुरडया काढून पद्माला दिल्या आणि मला म्हणाल्या, "चूक तुमची न्हाई. ती बाई घर सोडून चालली हुती, मी कावळ्याकडं कशी बगू?"

ही पद्मा म्हणजे पलीकडच्या घरातली विणकरीण. तिच्याकडे दिवसभर मागाचा खटखटाट चालायचा. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि नीलाक्कांवर तिचा फार जीव. पण नीलाक्कांना आवाज चढवताना मी एकदाच ऐकलं, ते तिच्यावरच. वारं सुटलं होतं, वाळवणाखाली अंथरलेलं धोतर उडायला लागलं, तेव्हा पद्मानं हाताशी आलेली जाड कादंबरी घेतली आणि कोपऱ्यावर ठेवली. नीलाक्का तरातरा उठल्या.

"पुस्तक म्हंजी दगड हाय व्हय गं? सोलापुरातली दगडं सरली का?"

पुस्तक उचललं, पदरानं पुसलं, कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवशी नदीकडून येणाऱ्या कोणाला तरी सांगून चार गोल गुळगुळीत दगड आणवले आणि माळवदावर कायमचे ठेवून दिले. चार कोपऱ्यांना चार. पद्मा पुढं कितीतरी दिवस हा किस्सा हसून हसून सांगत होती.

आप्पांना बायकोच्या या नादाची कल्पना होती. ते वाईट नव्हते, पण टोमणा मारल्याशिवाय त्यांना जेवण पचायचं नाही. "कादंबरी वाचून जोंधळा पिकतोय व्हय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. दुष्काळाच्या साली मात्र खरंच जोंधळा पिकला नव्हता. रेशनवर तो परदेशातून आलेला लाल जोंधळा, मिलो, मिळायचा. गहू नाही, तांदूळ नाही, तर कुरडया कशाच्या घालणार? आणि वाळवण नाही तर माळवदावर बसायचं निमित्त काय? त्या वर्षी पाडवा झाला तरी नीलाक्कांनी मला यादीसाठी हाक मारली नाही. मग एका दुपारी पाहते तर त्या वर बसलेल्या. धोतरावर सूपभर मिलो पसरलेला. किडे झालेत म्हणाल्या, ऊन दाखवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मिलो, तिसऱ्या दिवशीही तोच. शेवटी आप्पा खालून ओरडले, "अगं, किडं मेलं असतील की आत्तापतुर!"

"अंडी घातली असतील," वरून उत्तर आलं आणि पान उलटलं.

मी तेव्हा पोट धरून हसले होते. आता हे लिहिताना हसू येत नाही. एका बाईला चार पानं वाचायला मिळावीत म्हणून दुष्काळात रेशनचं धान्य राखत बसावं लागलं, यात हसण्यासारखं काय होतं, असं वाटतं.

नीलाक्कांची आणखी एक सवय होती. चांगलं ते शेवटी. ताटातली पोळी शेवटी, नवं लुगडं सणाच्या शेवटच्या दिवशी, आणि यादीतली सगळ्यात चांगली कादंबरी वाळवणाच्या शेवटी. "आदी कामं, मग सुख," असं त्या म्हणायच्या. त्यामुळे दर वर्षी ती शेवटची कादंबरी राहून जायची. कधी पाहुणे यायचे, कधी आभाळ लवकर भरायचं. मी चिडून म्हणायची, "अक्का, त्यापासूनच सुरुवात करा की एकदा." त्या हसायच्या. "मग पुढं काय उरंल?"

अशीच वर्षानुवर्षं मागे राहिलेली एक कादंबरी होती. आमच्या वाचनालयातली सगळ्यात जाड. नीलाक्का तिला नुसतं 'ती मोठी' म्हणायच्या. एका गावातल्या एका भल्यामोठ्या कुटुंबाची साधीसुधी गोष्ट. तिची खासियत अशी की तिच्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणीही मरत नाही. मराठी कादंबरीत हे किती दुर्मीळ आहे ते खिडकीवर बसून मला चांगलं माहीत होतं. आमच्याकडची निम्मी पुस्तकं क्षयानं आणि उरलेली विहिरीनं संपायची.

नीलाक्कांची एकुलती एक मुलगी विजया. आईसारखीच पुस्तकवेडी, पण बिनधास्त, चुलीपुढंही वाचणारी. तिचं लग्न माढ्याकडच्या एका गावात झालं होतं. माणसं चांगली होती, उसाची शेती होती. पुस्तक मात्र त्या घरात पंचांगाखेरीज नव्हतं. विजया माहेरी आली की आधी वाचनालयात यायची आणि मग घरी. नीलाक्का, म्हणजे तिची अव्वा, म्हणायच्या, "बगा, अव्वा नंतर, कादंबरी आदी."

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. पाडव्याच्या बऱ्याच आधी नीलाक्कांनी मला हाक मारली. चेहरा नुसता फुललेला. विजयाला दिवस गेले होते. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण माहेरी. त्या वर्षी केली तशी यादी आम्ही कधीच केली नाही.

"बाळंतिणीला सव्वा म्हैना भाईर जायचं न्हाई," नीलाक्का म्हणाल्या. "मलाबी तिच्याजवळच बसायचं. घरात कुनी काई म्हननार न्हाई. ती मोठी तवा काढायची."

"पण बाळंतिणीला वाचू देतात का? डोळे अधू होतात म्हणतात."

"म्हनून तर! तिनं वाचायचं न्हाई. मी वाचीन, ती आयकंल."

आणि बाळंतिणीला रडवायचं नाही, म्हणून 'ती मोठी'च. सगळं जमून आलं होतं. अडचण एकच. नीलाक्का मनातल्या मनात झरझर वाचत, पण मोठ्यानं वाचायची त्यांना कधी वेळ आली नव्हती. मग सराव सुरू झाला. 'ती मोठी' तशीच राखून, माळवदावर बसून त्या कावळ्यांना दुसरी एखादी कादंबरी वाचून दाखवायच्या. सुरुवातीला अडखळत, बाजाराची यादी वाचावी तशी एका सुरात. हळूहळू रंग भरला. सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा. दुपारी पलीकडचा माग मधेच थांबायचा आणि भिंतीवरून पद्माचं डोकं वर यायचं. "मग पुढं काय झालं ओ अक्का?"

त्याच दिवसांत विजयाच्या सासरहून निरोप आला. निरोप घेऊन आलेला गडी ओट्यावर बसला होता. मीही कामावरून येऊन तिथंच टेकले होते. तो म्हणाला, "वैनीला सातवा लागलाय. डोहाळजेवण झालं. न्यायचं असंल तर आत्ता न्या, न्हाईतर मग नवव्यात."

आठव्यात गरोदर बाईला शीव ओलांडू देत नाहीत, ही आपल्याकडची रीत. सातवा किंवा नववा. आप्पा लगेच म्हणाले, "आत्ताच आनू की. कशापाई थांबायचं?"

नीलाक्का मान हलवत होत्या. "आत्ता आनली तर ती येऊन माझ्यासंगट कुरडया घालत बसंल. माझ्यामागं चार कामं. तिच्याजवळ कवा बसू? वाळवण सरू द्या. जेष्ठात आना. मी मोकळी हुते. मग तिच्याबिगर दुसरं काई न्हाई मला."

आप्पा आणखी एकदा म्हणाले, "बग बाई." मग गड्याला तसाच निरोप देऊन धाडलं. त्यांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही. मलाही नाही. लेकीसाठी सगळा वेळ राखून ठेवणारी आई दिसत होती, दुसरं काय दिसणार?

वैशाखात, आठव्यातच, विजयाच्या पोटात दुखायला लागलं. गाव आडबाजूला. सुईणीला वाटलं, कळा खोट्या आहेत. ट्रॅक्टरवर घालून निघेपर्यंत उशीर झाला होता. बाळही गेलं आणि बाळंतीणही.

निरोप आला तेव्हा भरदुपार होती. नीलाक्का माळवदावर वाचत होत्या, आवाज खाली माझ्या खोलीपर्यंत येत होता. आप्पांनी खालून हाक मारली. ती हाक ऐकूनच वाचन थांबलं. त्या जिना उतरून आल्या, कोणी काही सांगायच्या आधीच त्यांनी आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसल्या. नंतर कोणाची तरी जीप आली आणि दोघं गेली. मी वर गेले. धोतरभर ओल्या कुरडया, त्यांच्यावर कावळे. काठी तिथंच होती. मी ती उचलली नाही. खाऊ देत, म्हटलं, सगळं खाऊ देत. त्या दिवसाइतका राग मला आयुष्यात कशाचाच आला नाही आणि तो काढायला समोर माणूस कोणीच नव्हतं.

नीलाक्का परत आल्या त्या रडत नव्हत्या. घरातलं सगळं काम करायच्या. जोंधळा निवडायच्या, भाकरी थापायच्या, आल्यागेल्याला चहा द्यायच्या. फक्त बोलायच्या नाहीत. विजयाच्या सासरच्यांनी त्यांना बोल लावला नाही, आप्पांनी लावला नाही, गल्लीतल्या एकाही बाईनं लावला नाही. कोणीतरी लावला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. निदान भांडता आलं असतं. पावसाळ्यातली एक संध्याकाळ आठवते. मी जिन्याच्या पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "लायब्ररीबाई, मी तिला यादीत शेवटाला ठिवलं."

मी म्हणाले, अक्का, असं नका म्हणू. त्या उठून आत गेल्या.

पुढच्या वर्षी पाडवा आला. अंगणात गहू निवडायला त्या बसल्या, मला हाक मारली नाही. आणि एक दिवस वाचनालयाच्या खिडकीशी टोपी हातात घेऊन आप्पा उभे. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या पायऱ्या चढले असतील. मागे रांग होती, तिचं त्यांना भान नव्हतं.

"तिला काईतरी वाचायला द्या की ओ," ते म्हणाले. "कायबी द्या. आता मी काई म्हननार न्हाई. दिवसभर वाचू दे, रातीला वाचू दे. बोलतच न्हाई ओ ती."

मी आत गेले आणि कपाटातून 'ती मोठी' काढली. दुसरं कोणतं पुस्तक द्यावं मला सुचलं नाही. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, देवळातून प्रसाद नेतात तसं, आणि घरी नेलं.

मला मनातून आशा वाटत होती. वाचणारं माणूस कधी ना कधी पुस्तकाकडे परत येतं, अशी आमच्या धंद्यातल्या माणसांची एक भाबडी समजूत असते. संध्याकाळी विचारलं, "उघडलं का अक्का?"

"उगडलं," त्या म्हणाल्या. "आता येळच येळ हाय की. पन अक्षरं आत जाईनात. साकु आता." साकु म्हणजे कानडीत पुरे.

त्यानंतर माझी बार्शीकडे बदली ठरली आणि खोली सोडायची वेळ आली. निघायच्या दिवशी दुपारी दोरीवरचे कपडे काढायला मी माळवदावर गेले. ऊन भाजत होतं, वारं सुटलेलं. गल्लीतल्या बायकांनी पुन्हा वाळवण पाठवायला सुरुवात केली होती. नीलाक्का चादरीखाली बसल्या होत्या. एका हातात काठी, दुसरा हात नुसताच मांडीवर. समोर धोतरावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. त्याच्या तीन कोपऱ्यांवर ते गोल दगड होते. चौथ्यावर 'ती मोठी'. उन्हानं तिचा पुठ्ठा वाकायला लागला होता. चौथा दगड कुठं हरवला असेल म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. तो त्यांच्या पायाशीच पडला होता.

मी वाकून पुस्तक उचलायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," नीलाक्का म्हणाल्या. त्यांची नजर कावळ्यांवरच होती. "तिच्यात कुनी मरत न्हाई. मला काय उपेगाची ती?"

मी दोरीवरचे कपडे गोळा केले आणि जिना उतरून खाली आले.